जाहिरात १९३८ची, मस्कारा आजचा

सौंदर्यप्रसाधनांचे परीक्षण करताना आपण साधारणपणे एका नव्या वस्तूची तुलना दुसऱ्या नव्या वस्तूशी करतो, आणि मग दोन्ही कंपन्यांची भाषा सारखीच असल्यामुळे हाती फारसे काही लागत नाही. या वेळी मी माप बदलून पाहिले. पाऊणशे ते शंभर वर्षांपूर्वीच्या जाहिरातींनी स्त्रियांना जे जे कबूल केले होते, ते आज दुकानात मिळणाऱ्या वस्तूंकडून प्रत्यक्षात मिळते का, हे वापरून पाहावे, असे ठरवले. त्यासाठी मुख्य आधार घेतला तो अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या ‘ॲड ॲक्सेस’ या संग्रहाचा. १९११ ते १९५५ या काळातील सात हजारांहून अधिक छापील जाहिराती तेथे कोणालाही विनामूल्य पाहता येतात आणि त्यांतला एक मोठा विभाग सौंदर्य व स्वच्छता या विषयाचा आहे. संग्रह अमेरिकेतला असला तरी त्यातली पाँड्स, लक्स ही नावे आपल्या आजी-पणजीच्या आरशासमोरही होती, त्यामुळे तो परका वाटत नाही.

निष्कर्ष आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना उत्सुकता ताणली जाणार नाही. ओठ, पापण्या आणि चेहऱ्याचा रंग यांसाठीच्या वस्तू खरोखर सुधारल्या आहेत. जुन्या जाहिरातींनी दिलेली वचने त्यांच्या काळातल्या वस्तूंना पाळता आली नव्हती, ती आजच्या वस्तू पाळतात. त्वचेची ‘काळजी’ घेणारी क्रीम आणि केसांचे ‘पोषण’ करणारी प्रसाधने यांच्या बाबतीत मात्र वस्तू थोडी बदलली आणि भाषा पुष्कळ बदलली.

संग्रहाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. या जाहिरातींत मजकूर भरपूर असतो. क्रीम बोटावर किती घ्यायचे, कोणत्या दिशेने चोळायचे, रात्री कोणते आणि सकाळी कोणते, हे सगळे एखाद्या वडीलधाऱ्या बाईने समजावून सांगावे तसे परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेले असते. त्याच मजकुरात भीतीही बेमालूम मिसळलेली असते: हात खरखरीत झाले तर नवऱ्याचे लक्ष उडेल, श्वासाला वास आला तर लग्न जमणार नाही, अशा धमक्या हसतमुखाने दिलेल्या असतात. आज जाहिरातीवर एक चेहरा आणि चार शब्द उरले आहेत. मजकूर गेलेला नाही, तो डबीच्या मागच्या बाजूला घटकांच्या यादीत जाऊन बसला आहे आणि भिंगाशिवाय वाचता येत नाही. मी तो भिंग घेऊन वाचला. हे परीक्षण बरेचसे त्या वाचनावर उभे आहे.

सुरुवात पापण्यांपासून करते, कारण तेथे फरक सर्वांत स्पष्ट आहे. टॉम लाइल विल्यम्स यांनी १९१५ मध्ये शिकागोत मेबेलिन ही कंपनी काढली आणि त्यांचा सुरुवातीचा मस्कारा म्हणजे साबणात मिसळलेल्या काळ्या रंगाची एक चपटी वडी होती. ब्रश पाण्याने, आणि पाणी जवळ नसेल तर सरळ थुंकीने ओला करून त्या वडीवर घासायचा आणि पापण्यांवर फिरवायचा. जाहिरातीत एका बाजूला फिकट पापण्यांचा डोळा आणि दुसऱ्या बाजूला घनदाट पापण्यांचा डोळा, अशी आधीची व नंतरची चित्रे असत. वस्तूच साबणाची असल्यामुळे डोळ्यांत पाणी आले की तो काळा रंग गालावर उतरत असणार, हे उघड आहे. त्याच कंपनीचा ‘कोलोसल’ हा जलरोधक मस्कारा मी पुण्याच्या पावसाळ्यात दुचाकीवरून ये-जा करताना वापरला. मेण, रंगद्रव्य आणि पापणीवर पातळ पापुद्रा धरणारी रसायने यांचे हे मिश्रण भर पावसातही जागचे हलले नाही. पापण्या लांब दिसतात, एकमेकींना चिकटत नाहीत आणि ब्रश जाड असूनही कोपऱ्यापर्यंत पोचतो. काढताना मात्र साबण-पाण्याचा काही उपयोग होत नाही. कापसावर खोबरेल तेल घेऊन थोडा वेळ पापणीवर दाबून धरले की सगळा निघून येतो. १९३०च्या दशकातल्या जाहिरातीने दाखवलेला तो उजवीकडचा डोळा मला आजच्या नळीतून मिळाला, हे मान्य केले पाहिजे.

ओठांच्या बाबतीत गोष्ट अधिक रंजक आहे. हेझेल बिशप या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९५० मध्ये न पुसणारी लिपस्टिक बाजारात आणली. ती तुमच्या ओठांवर राहील, त्याच्या गालावर उमटणार नाही, असे तिच्या जाहिरातीचे आश्वासन होते. या लिपस्टिकचे रहस्य इओसिन जातीच्या रंगांत होते. हे रंग ओठांच्या वरच्या थरालाच रंगवतात, म्हणून मेण पुसले गेले तरी डाग उरतो. त्याचा तोटा असा की ओठ कोरडे पडतात आणि कांडीतला रंग व ओठावरचा रंग एकच निघेल याची खात्री नसते. बिशपबाईंच्या हातून कंपनी काही वर्षांतच गेली, पण न पुसणाऱ्या लिपस्टिकची हाव तेव्हापासून बाजाराला जी लागली ती अजून सुटलेली नाही.

आजच्या द्रवरूप मॅट लिपस्टिका हेच काम अगदी वेगळ्या वाटेने करतात. मेबेलिनच्या ‘सुपरस्टे मॅट इंक’च्या घटकांत आयसोडोडेकेन आणि ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट ही दोन नावे ठळक आहेत. पहिला पदार्थ झपाट्याने उडून जातो आणि दुसरा, म्हणजे सिलिकोनची राळ, ओठावर लवचीक पापुद्रा धरून बसतो. रंग त्या पापुद्र्यात अडकलेला असतो. त्यामुळे कांडीवर दिसतो तोच रंग ओठावर दिसतो. सकाळी लावलेली ही लिपस्टिक चहाचे दोन कप, कपाच्या कडेवर डाग न पाडता, सहज सोसते. मात्र या जातीच्या सर्वच लिपस्टिकांना तेलाचे वावडे आहे, आणि त्याची सर्वांत कडक परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा मिसळीच्या तर्रीने होते. मिसळ खाऊन झाल्यावर ओठांच्या आतल्या कडेचा रंग गेलेला आणि बाहेरच्या कडेचा शाबूत, असे दृश्य दिसते, आणि त्यावर पुन्हा नवा थर चढवला तर तो गुठळ्या धरतो. जेवणाच्या कार्यक्रमाला जाणार असाल तर साधी मलईदार लिपस्टिकच बरी, कारण ती पुसून पुन्हा लावता येते.

मलईदार लिपस्टिकचा विषय निघाला आहे तर रेव्हलॉनच्या ‘फायर अँड आइस’बद्दल लिहिलेच पाहिजे. १९५२ची ही जाहिरात या संपूर्ण व्यवसायातली सर्वांत गाजलेली म्हणता येईल. रिचर्ड ॲव्हेडन यांनी काढलेल्या छायाचित्रात डोरियन ली ही मॉडेल चंदेरी टिकल्यांच्या पोशाखात, लाल झग्याचा घेर पसरून उभी आहे, आणि शेजारच्या पानावर वाचकाला विचारलेले पंधरा प्रश्न आहेत. बूट काढून कधी नाचला आहात का, अशा थाटाचे. लिपस्टिक कशाची बनलेली आहे, किती टिकते, याविषयी त्यात जवळपास काहीच नाही. तोवर क्रीम चोळण्याची दिशा सांगणारी जाहिरात येथे एकदम वाचणाऱ्या बाईच्या स्वभावाबद्दल बोलू लागली, आणि माझ्या मते आजची प्रत्येक लिपस्टिकची जाहिरात या एका पानाची नात आहे. त्याच नावाची छटा रेव्हलॉनच्या ‘सुपर लस्ट्रस’ मालिकेत आजही आहे. ती भडक लाल, किंचित प्रवाळाकडे झुकणारी आहे. सावळ्या वर्णावर ती उजळून दिसते, गहू वर्णावर दिवसाउजेडी थोडी आरडाओरडा करते. ओठ मऊ राहतात, वास जुन्या धाटणीचा आहे आणि जेवणानंतर ती पुन्हा लावावी लागते, ज्याची मला तक्रार नाही. पंधरा प्रश्नांची उत्तरे देऊन पाहिली. त्यांचा लिपस्टिकच्या टिकाऊपणावर परिणाम होत नाही.

चेहऱ्याच्या रंगाबाबत थोडक्यात सांगते. मॅक्स फॅक्टर कंपनीचा ‘पॅनकेक’ हा रंगीत चित्रपटांच्या तीव्र प्रकाशासाठी तयार झाला आणि १९३८ मध्ये सामान्य ग्राहकांना मिळू लागला. ओल्या स्पंजाने लावायची ती वडी आपल्याकडच्या हौशी नाटकांच्या रंगपटांतही पुढे कित्येक वर्षे राबली. जाहिरातीत तो ‘नैसर्गिक’ दिसतो असे म्हटले असले तरी तो मुळात दिव्यांसाठी होता आणि दिव्यांखालीच शोभत असे. शिवाय त्या जाहिराती गोऱ्यांसाठी होत्या; सोनेरी केस, पिंगट केस, तांबडे केस अशी विभागणी करून छटा सुचवलेल्या असत, आणि आपल्यासारख्या काळ्या केसांच्या, गव्हाळ ते सावळ्या बायकांना त्यात स्वतःला शोधावे लागे. मेबेलिनच्या ‘फिट मी’ फाउंडेशनमधली ३१० क्रमांकाची ‘सन बेज’ छटा माझ्या मानेशी आणि कानाशी जुळली, चेहरा राखाडी दिसला नाही, आणि घाम आल्यावरही ओघळ उठले नाहीत. आपल्या वर्णाला साजेशा छटा येथील दुकानात, हातावर लावून पाहता येतील अशा मांडलेल्या असणे ही गेल्या काही वर्षांतली खरी प्रगती आहे.

आता क्रीमकडे वळते, जेथे माझा सूर बदलेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाँड्सने रात्री कोल्ड क्रीम आणि दिवसा व्हॅनिशिंग क्रीम अशी जोडी विकायला सुरुवात केली आणि १९२०च्या दशकात तिच्या जाहिरातींत रुमानियाची राणी मारी हिच्यासारख्या खाशा स्त्रिया साक्ष देऊ लागल्या. व्हॅनिशिंग क्रीम म्हणजेच आपल्याकडचा ‘स्नो’. स्टिअरिक आम्लाचा काही भाग अल्कलीने साबणात बदलायचा, त्यात पाणी व ग्लिसरीन घालून घोटायचे, की बर्फासारखे पांढरे, मोत्याची झाक असलेले आणि चोळताच दिसेनासे होणारे क्रीम तयार होते. ई. एस. पाटणवाला यांनी मुंबईत १९१९ मध्ये आणलेला ‘अफगाण स्नो’ याच घराण्यातला. आजच्या कित्येक ‘ग्लो’, ‘ब्राइट’, ‘रेडियन्स’ नावाच्या डब्या उलट्या करून पाहिल्या तर पाण्याखालोखाल तेच स्टिअरिक आम्ल आणि तेच ग्लिसरीन दिसते. भर पडली आहे ती प्रामुख्याने नायसिनमाइडची, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाची, उन्हापासून संरक्षण देणाऱ्या घटकांची आणि सुगंधाची. यांतले पहिले दोन उपयोगी आहेत, हे नाकारत नाही. पण त्यांच्यामुळे चेहरा ‘आतून’ उजळतो वगैरे जे सांगितले जाते, त्यापेक्षा १९२५च्या पाँड्सने सांगितलेले ‘त्वचा मऊ राहील, पावडर नीट बसेल’ हे वचन अधिक प्रामाणिक होते आणि आजचे क्रीमही नेमके तेवढेच करते. हिंदुस्थान लीव्हरने १९७५ मध्ये आणलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, तेव्हा गोरेपणाचा शब्द डबीवरून उतरला. नोकरीच्या मुलाखतीआधी वर्ण बदलून घेणाऱ्या मुलीच्या ज्या जाहिराती आपण दूरदर्शनवर पाहत वाढलो, त्या अशा सहज पुसल्या जाणार नाहीत.

वापरायला मला त्याच पाँड्सचे ‘सुपर लाइट जेल’ आवडले. ते पाणीदार आहे, लगेच मुरते आणि मुंबईच्या दमट हवेत चिकट होत नाही. विको टर्मरिकही पुन्हा आणले, मुख्यतः त्या हळद-चंदनाच्या वासासाठी. आपण सौंदर्यप्रसाधन नाही असे स्वतःच्या गाण्यात ठासून सांगणारे, आणि ते औषध की प्रसाधन या प्रश्नावर अबकारी खात्याशी न्यायालयात वर्षानुवर्षे भांडलेले दुसरे क्रीम माझ्या माहितीत नाही. थंडीत ते चांगले काम देते.

साक्ष देण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट येथेच नोंदवते. लक्स साबणाने चित्रतारकांना जाहिरातीत आणले आणि १९४१ मध्ये लीला चिटणीस या त्या साबणाच्या पहिल्या भारतीय तारका झाल्या. धारवाडात जन्मलेल्या, मराठी रंगभूमीवरून आलेल्या या अभिनेत्रीचा चेहरा परदेशी साबणाने निवडला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तेव्हा पाहणाऱ्याला ती जाहिरात आहे हे निदान ठाऊक असे. आज फोनवर एखादी मुलगी मैत्रिणीसारखी बोलत क्रीम लावून दाखवते, तेव्हा पैसे मिळाले आहेत की नाहीत हे कळायला मार्ग नसायचा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये अशा चित्रफितींवर स्पष्ट शिक्का असावा असे मार्गदर्शक नियम काढले, म्हणून आता थोडे तरी कळते. या परीक्षणातल्या सर्व वस्तू मी स्वतःच्या पैशांनी घेतल्या आहेत.

केसांच्या बाबतीत इतिहासाने गंमत केली आहे. १९३४ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘ड्रीन’ शाम्पूची सगळी मिजास ही होती की त्यात साबण नाही. साबण जड पाण्यात चिकट साका धरतो आणि केस निस्तेज होतात; ड्रीनमध्ये साबणाऐवजी सल्फेट जातीचा स्वच्छक होता, म्हणून केस चमकत. बोअरवेलच्या पाण्याने डोके धुणाऱ्यांना या दाव्यातले तथ्य वेगळे सांगायला नको. आज महाग शाम्पूच्या बाटलीवर ठळक अक्षरांत काय लिहिलेले असते? यात सल्फेट नाही. ज्या घटकाच्या असण्याने एका पिढीला शाम्पू विकला, त्याच्याच नसण्याने दुसऱ्या पिढीला विकला जात आहे. मी सल्फेटविरहित शाम्पू वापरला. रंग लावलेल्या केसांना तो सौम्य आहे, फेस कमी येतो, आणि तेल लावल्यानंतर एका धुण्यात तेल निघत नाही. शनिवारी रात्री डोक्यावर खोबरेल थापणाऱ्या घराने साधा शाम्पूच घ्यावा. केस कोरडे, तेलकट की सामान्य, असे विचारून बाटली निवडायला लावणे हेही नवे नाही. सुंदर मुलींच्या खडूने रंगवलेल्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘ब्रेक’ शाम्पूने ते फार पूर्वीच केले होते. सीरम म्हणून जे विकले जाते ते बहुधा सिलिकोन असते. दोन थेंबांत गुंता सुटतो, चमक येते, पुढच्या धुण्याला जाते. ‘पोषण’ हा शब्द सोडून दिला तर वस्तू उत्तम आहे.

‘या जुळ्या बहिणींपैकी टोनी कोणाचा?’ ही १९४०च्या दशकाच्या अखेरची जाहिरातही संग्रहात शोधून पाहण्यासारखी आहे. एका बहिणीचे केस पार्लरमध्ये महागात कुरळे केलेले, दुसरीचे ‘टोनी’ची पेटी आणून घरीच, ओळखा पाहू. त्या पेटीतले थायोग्लायकोलेट हे रसायन केसाच्या प्रथिनातले गंधकाचे बंध तोडते, केस हव्या त्या आकारात गुंडाळायचे आणि दुसऱ्या द्रावणाने बंध पुन्हा जोडायचे. आज पार्लरमध्ये केस सरळ करण्यासाठी जे रिबाँडिंग करतात त्यात बहुतेक वेळा हीच क्रिया असते. फक्त तेव्हा कुरळ्यांची हौस होती आणि आता सरळांची आहे. माझ्या घराजवळच्या एका पार्लरमध्ये मी ते करून घेतले. अमोनियाचा वास, चार-पाच तासांची बैठक आणि शेवटी आरशात दिसणारे पावसाच्या धारेसारखे केस, असा तो अनुभव होता. काही महिन्यांत मुळाशी आपले मूळचे केस उगवू लागले आणि दोन प्रकारचे केस एकाच डोक्यावर नांदू लागले, ज्याची कल्पना पार्लरच्या बाईंनी आधी दिली असती तर बरे झाले असते. मी ते पुन्हा करणार नाही.

शेवटी केसांचा रंग. ‘लावते की नाही लावत?’ असा प्रश्न विचारणारी क्लेरॉलची जाहिरात १९५६ची, शर्ली पॉलिकॉफ यांनी लिहिलेली; उत्तर फक्त केस करणाऱ्या बाईला ठाऊक, असे तिचे पुढचे वाक्य. ती जितकी खेळकर आहे तितकीच त्याआधीची एक हकीकत भयंकर आहे. १९३३ मध्ये अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या रंगवण्याचा रंग विकला जात होता. त्यातल्या पॅराफेनिलिनडायअमिनने बायकांचे डोळे गेले, आणि १९०६च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधने येतच नसल्यामुळे सरकारला ती डबी बाजारातून उचलता येईना. १९३८च्या नव्या कायद्याने ते शक्य झाले. हेच रसायन, ज्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात, आजही काळ्या हेअर डायमध्ये सर्वत्र आहे, कारण पांढरा केस कायमचा काळा करण्यात त्याची बरोबरी करणारे दुसरे सहज मिळत नाही. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे अशा डबीवर इशारा छापावा लागतो: आधी त्वचेवर चाचणी घ्या, आणि पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. पंचाण्णव टक्के लोक हा इशारा न वाचता डबी फेकतात असे म्हणणार होते, पण मोजलेले नाही, म्हणून माझ्या ओळखीत तो कोणी वाचलेला नाही एवढेच म्हणते.

मी चाचणी घेतली, कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस थांबले, खाज आली नाही, आणि मग क्रीमच्या स्वरूपातला अमोनियाविरहित रंग लावला. पांढरे केस पूर्ण झाकले गेले. छटा डबीवरच्या चित्रापेक्षा एक पायरी गडद निघाली, म्हणून तपकिरी रंग हवा असणाऱ्यांनी फिकट क्रमांक निवडावा. पूर्वी रंग लावलेला असला, काहीच झाले नसले, तरी दर वेळी चाचणी घ्यावी लागते, कारण ही ॲलर्जी वापरता वापरता उत्पन्न होऊ शकते. लग्नसराईत मिळणाऱ्या ‘काळ्या मेंदी’च्या कोनांतही बहुधा हेच रसायन असते, आणि त्या कोनांवर इशारा तर नसतोच, पण बहुतेकदा घटकांची यादीही नसते, खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तपकिरी असतो आणि तो चढायला तास लागतात, त्यामुळे थोड्या वेळात काळाभोर रंग देण्याचे कबूल करणारा कोन मी हातावर घेत नाही आणि भाच्यांच्या हातावरही काढू देत नाही.